शनिवारची मिरची, जानेवारीचा स्टिकर

खामगावच्या बाजारात दर शनिवारी सकाळी लिंबू-मिरचीचे दोरे घेऊन पोरं फिरतात. शटर वर जातं न जातं तोच दुकानदार गेल्या आठवड्याचा सुकलेला दोरा उतरवतो, नवा बांधतो, पैसे देतो आणि मगच गल्ल्याला हात लावतो. मंदी असो, लग्नसराई असो, शनिवार चुकत नाही. त्याच दुकानात, चार पावलं आत, भिंतीला एक लाल सिलिंडर टांगलेला असतो. तोही नजर लागू नये म्हणूनच असतो. ही नजर सरकारी असते, एवढंच. पण मिरची सुकली की बदलतात. सिलिंडरच्या आत काय सुकलं ते बघायला कोणताच वार नेमलेला नाही.

कुणालाही विचारून बघा, "हा चालतो का हो?" उत्तर ठरलेलं. "चालाले काय झालं भाऊ? एकडावबी वापरेल नाही. नवाकोरा हाये!"

या तर्कापुढे हात टेकावेत. न वापरलेली वस्तू कायम नवीच राहते, हा सिद्धांत तो आपल्या स्कूटरला लावत नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावत नाही, गोदामातल्या मालाला तर मुळीच लावत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख गिऱ्हाइकाच्या आधी त्याने वाचलेली असते. फक्त या एका लाल नळकांड्याला त्याने अमरपट्टा दिलेला आहे.

आता त्या नळकांड्यात असतं काय, ते बघू. दुकानं, दवाखाने, क्लासेस, पतसंस्था, बहुतेक ठिकाणी दिसतो तो चार किंवा सहा किलोचा एबीसी पावडरचा. आतली बारीक भुकटी म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. नाव जड वाटलं तर आपल्या भागातल्या कुठल्याही ठिबकवाल्या शेतकऱ्याला विचारा. कृषी केंद्रातून तो 'बारा-एकसष्ट' म्हणून जे खत आणतो, ते रसायन हेच. त्याची फोडलेली पिशवी पावसाळाभर तशीच ठेवली तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आगीच्या भुकटीला ओल लागू नये म्हणून वेगळा लेप दिलेला असतो हे खरं. पण तीच भुकटी वर्षानुवर्षं एकाच खिळ्यावर, एकाच अंगाला, न हलता बसली की दबते, घट्ट होते, तळाशी बसते. तिला बाहेर ढकलण्यासाठी आत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो. तो वायसरपाशी तिळातिळाने निसटतो. मग आगीच्या दिवशी कुणी धीर करून मूठ आवळली तर दोनपैकी एक घडतं. एकतर काहीच होत नाही, नाहीतर नुसताच फुस्स आवाज येतो, वारा निघतो आणि भुकटी आत तशीच बसून राहते.

म्हणून काटा बघायचा असतो. वरच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी तबकडी असते. काटा हिरव्यात असला तर दाब आहे, लालात गेला तर नाही. पहिलीतलं पोरही हे सांगेल. पण हिरवा काटा फक्त दाबाची ग्वाही देतो, भुकटीची नाही. त्यासाठी सिलिंडर खिळ्यावरून उतरवून उलटा करावा लागतो. आतला माल सरकल्याचं हाताला कळतं. कळलं नाही तर तो जमलेला आहे, असं समजून भरणाऱ्याकडे पाठवायचा. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो. अर्धा मिनिट म्हणजे एका गिऱ्हाइकाला "ताई, हा रंग धुतल्यावर जात नाही" हे पटवून द्यायला लागतो त्यापेक्षा कमी.

एक जात याहून अवघड. ती 'टेस्टिंग' करणाऱ्यांची. नवा सिलिंडर आला की मालकाला उत्साह येतो, मागच्या गल्लीत नेऊन तो "जरासा मारून" बघतो. पांढरा ढग उडतो, सगळे हसतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं आणि सिलिंडर परत खिळ्यावर जातो. हे सगळ्यात वाईट. एकदा क्षणभर जरी दाबलं तरी भुकटीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, ती नीट बसत नाही आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. थोडासा वापरलेला सिलिंडर असा प्रकारच नसतो. भरलेला असतो किंवा रिकामा असतो. मधला हिशेब नाही.

खामगावकरांच्या खास जिव्हाळ्याचा मुद्दा पुढेच आहे. बँका, कॉम्प्युटरच्या खोल्या, इलेक्ट्रिक पॅनेल असलेल्या जागा इथे काळा भोंगा लावलेला सिलिंडर असतो, कार्बन डायऑक्साइडचा. त्याला तबकडीच नसते. काटा नाही, रंग नाही, बाहेरून बघून काही म्हणता काही कळत नाही. तो भरलेला आहे का, हे समजण्याचा मार्ग एकच, वजन. रिकाम्याचं वजन अंगावर ठोकलेलं असतं, आत किती वायू भरला तेही लिहिलेलं असतं. बेरीज करायची, काट्यावर ठेवायचा, दहा टक्क्यांहून जास्त वायू घटला असेल तर पुन्हा भरायला पाठवायचा. साडेचार किलोच्या सिलिंडरमागे हा हिशेब साधारण अर्ध्या किलोचा होतो.

चांदीचं शहर आहे आपलं. इथल्या पेढीवर काचेच्या पेटीतला काटा असतो, पंख्याच्या वाऱ्याने चूक होऊ नये म्हणून पंखा बंद करून माल तोलतात. जोडव्याच्या घटीवरून अर्धा तास वाद चालतो. बाजार समितीत कापसाच्या गाडीमागे दोन किलोचा फरक आला तर शेतकरी काट्यासमोर ठिय्या मारतो आणि योग्यच करतो. अशा गावात सिलिंडर तोलायला काटा मिळत नाही, असं कुणी म्हणूच शकत नाही. पण भिंतीवरचा तो काळ्या भोंग्याचा सिलिंडर शेवटचा कधी तोलला, असं विचारा बरं. समोरचा आपल्याकडे असा बघतो की याला ऊन लागलं असावं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा झोपलेला नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा. आगीची साधनं बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं, ही जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. भोगवटादार म्हणजे जो जागा वापरतो तो. म्हणजे भाड्याच्या गाळ्यात बसलेल्याला "ते मालकाचं काम हाये" म्हणून हात झटकता येत नाहीत आणि मालकालाही "मी त पुन्यात राह्यतो" एवढ्यावर सुटता येत नाही. परवानाधारक एजन्सीकडून देखभालीचं प्रमाणपत्र घ्यायचं, त्याला फॉर्म बी म्हणतात. ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. कसूर केली तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

याशिवाय भारतीय मानक आहे, आयएस 2190. त्यात सगळं तपशिलाने दिलंय. इमारतीत कुठेही उभं राहिलं तरी सिलिंडर 15 मीटरच्या आत हाताला लागला पाहिजे. पावडरच्या किंवा पाण्याच्या सिलिंडरची पत्र्याची ताकद दर 3 वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासायची, कार्बन डायऑक्साइडची दर 5 वर्षांनी. पावडरवाला 10 वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडवाला 15 वर्षांनी निवृत्त करायचा. आणि जागेवर असलेल्यांनी दर महिन्याला नजर टाकायची: पिन आहे, सील शाबूत आहे, नळीला चीर नाही, नोझलमध्ये कोळ्याने घर केलेलं नाही, काटा हिरव्यात आहे. या यादीत इंजिनिअरला बोलवावं लागेल असं एकही काम नाही. दहावी नापास पोऱ्याही करू शकतो. करत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आणि मालकाने सांगितलं नाही, कारण मालकाच्या मते हे एजन्सीचं काम आहे.

मग एजन्सी काय करते? प्रामाणिक माणसं या धंद्यात आहेत. ती सिलिंडर घेऊन जातात, बदल्यात दुसरा ठेवून जातात, उघडतात, भुकटी काढतात, चाळतात, वायसर बदलतात, भरतात, तोलतात. त्यांचा दर जास्त असतो, म्हणून त्यांना काम कमी मिळतं. दुसऱ्या जातीचा माणूस मोटरसायकलवर येतो. खिशात कापड, हातात स्टिकरचं बंडल. कापडाने सिलिंडरचं पोट पुसतो, जुना स्टिकर खरवडतो, नवा चिकटवतो, तारीख टाकतो, बिल फाडतो. सिलिंडर खिळ्यावरून उतरतही नाही. चहा मात्र होतो. सगळ्या गाळ्यांचं 'रिफिलिंग' चहा थंड व्हायच्या आत उरकतं आणि मालक खूश, कारण पैसे निम्मे लागले. इथे फसवलं कुणी आणि फसलं कोण, हे सांगता येत नाही. मालकाला स्टिकर हवा होता, त्याला स्टिकर मिळाला. व्यवहार चोख झाला.

ओळखायची खूण सोपी आहे. स्टिकर जानेवारीचा आणि मागच्या बाजूला धूळ गेल्या दिवाळीची. सिलिंडर खरोखर भरायला गेला असता तर धूळ दोन्हीकडची गेली असती. तपासणीला येणारा माणूस हे बघू शकतो, त्यासाठी त्याला सिलिंडरच्या मागे फक्त बोट फिरवावं लागेल. पण बोट फिरवायचं कलम कुठल्याही फॉर्ममध्ये नाही, तारीख बघायचं आहे.

दिवाळीचा विषय निघालाच आहे. कापडाच्या दुकानात दसऱ्यापासून माल यायला लागतो. आधी रॅक भरतात, मग रॅकच्या वरची जागा, मग जिन्याची एक बाजू, मग दुसरी बाजू. सिलिंडरच्या पुढे साड्यांच्या खोक्यांची थप्पी लागते. पुढे थप्पीवर पुतळा उभा राहतो, पुतळ्याला पैठणी नेसवतात. म्हणजे वर्षभरात आगीचा धोका ज्या दिवसांत सर्वांत जास्त, लायटिंगच्या माळा, ताणलेली वायर, बाहेर फटाके, आत पॉलिस्टर, नेमक्या त्याच दिवसांत सिलिंडर पैठणीच्या पदराआड जातो. वापरायची वेळ आलीच तर आधी पुतळ्याची परवानगी घ्यावी लागेल. आणखी एक थोर प्रथा पाहिली आहे. पोरं पिन ओढतात म्हणून पिनच तांब्याच्या तारेने चार वेढे देऊन बांधून टाकलेली. पक्कड आणा, तार कापा, पिन काढा, मग आग विझवा. आगीने तेवढं थांबायला हवं.

खामगावला आगीची ओळख नव्याने करून द्यायला नको. गावाचं नशीबच कापसाने घडवलं. 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा इथवर आणला तो कापसासाठी. त्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. जिनिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला विचारा, कापसाची आग काय चीज आहे. कापसाबरोबर आलेला एखादा खडा किंवा खिळा मशीनच्या दात्यांवर घासतो, ठिणगी उडते, रुईबरोबर पुढे सरकते आणि ढिगाच्या पोटात जाऊन बसते. वरून काही दिसत नाही. तासाभराने, कधी कधी दुसऱ्या दिवशी धूर येतो. अशा वेळी सहा किलो पावडर ढिगावर मारून वरची ज्योत विझवता येते. फोटोपुरती. आतलं धुमसणं चालूच राहतं. तिथे पाणीच लागतं, भरपूर लागतं आणि ढीग फोडावा लागतो. तरीही जिनिंगच्या आवारात 'आगीची सोय' म्हणून काय दाखवतात? ऑफिसच्या दाराशी टांगलेला एक पावडरचा सिलिंडर. जिथे फाईल असतात तिथे.

कापसाची ही खोड किती महाग पडू शकते, ते मुंबईने 14 एप्रिल 1944 ला पाहिलं. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या सुमारे 8,700 गाठी होत्या आणि त्याच जहाजात जवळपास 1,400 टन स्फोटकं. दुपारी कापसाच्या कप्प्यातून धूर दिसला. बराच वेळ पाणी मारलं तरी आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, पुढे आठवडाभर सप्ताह चालतो. सप्ताहात बॅनर लागतात, शाळेच्या मैदानावर पेटवलेल्या टोपल्या विझवून दाखवतात, टाळ्या पडतात. कापसाच्या गावाने हा सप्ताह जरा जास्त मनावर घ्यायला हरकत नव्हती.

दुसरा धंदा चांदीचा. चांदी वितळते ती 962 अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे अरुंद कारखान्यात भट्टी आहे, गॅसची टाकी आहे, नळी आहे, तेजाब आहे आणि मुशीत लालभडक धातू. इथे कुणी घाईघाईने पाणी मारलं आणि ते मुशीत पडलं तर त्याची क्षणात वाफ होते, धातू चहूकडे उडतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडर प्रत्येक आगीला चालत नाही. वितळलेल्या धातूजवळ पाणी नको, उकळत्या तेलाच्या कढईवर पाणी नको, चालू वायरिंगवर तर नकोच. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड भसाभसा सोडला तर आगीबरोबर माणसाचाही श्वास कोंडतो. उघड्या हाताने त्याचा भोंगा धरला तर थंडीने कातडी चिकटते. हे सगळं सिलिंडरच्या अंगावर चित्रांसकट छापलेलं असतं. पण त्यावरच स्टिकर लावलेला असतो.

गरमीचं एक वेगळंच. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा आपण माणसं सावली शोधतो. पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला टांगलेला सिलिंडर जागेवरच असतो. रबरी नळीला भेगा पडतात, स्टिकर पांढरा पडतो, तबकडीची काच पिवळी होते, काटा कुठे आहे ते दिसत नाही. दिसत नाही म्हणजे बिघडलं नाही, असा अर्थ काढण्यात आपला हातखंडा आहे.

यात एकट्या दुकानदाराला झोडणं अन्यायाचं. ज्या सरकारच्या भीतीने तो सिलिंडर टांगतो, त्या सरकारचं स्वतःचं घर 21 जून 2012 ला पेटलं. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वर चढत गेली, पाच जण मेले आणि खात्यांच्या फाईलींची राख झाली. त्यानंतर ऑडिट. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करा, असा आदेश निघाला. 23 एप्रिलला विरारच्या कोविड रुग्णालयात आग, पंधरा रुग्ण गेले. 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग, त्या एका दिवसात अकरा रुग्ण गेले. एकाच वर्षातली ही तीन. या प्रत्येक ठिकाणी भिंतीवरच्या सिलिंडरने सगळे वाचले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. आग एकदा छताला भिडली, खोलीत धूर कोंडला की सहा किलो पावडरचं काम संपलेलं असतं. त्या सिलिंडरची मुदत सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांची असते. आपल्याकडे ऑडिट होतं ते मात्र शेवटच्या मिनिटानंतर.

मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली, आठ जण गेले. टॉवेल म्हणजे तरी काय, कापूसच. त्याच्या सहा वर्षं आधी, मे 2019 मध्ये, सुरतेत एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासमध्ये 22 जीव गेले. पोरांनी खिडकीतून उड्या मारलेल्या सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. तो आठवडा खामगावातही बराच तणावाचा गेला असेल. पालकांनी विचारलं, क्लासवाल्यांनी सिलिंडर विकत आणले, जिन्यात टांगले. ती खरेदी आता सहा वर्षांहून जुनी झाली. मानकाच्या हिशेबाने त्यातल्या प्रत्येकाची दाबाची चाचणी एव्हाना दोनदा व्हायला हवी होती. पालकांनो, फीची पुढची पावती फाडताना जिन्यात जरा वर बघा.

जुन्या काळी टॉकीजमध्ये लाल बादल्या टांगलेल्या असत, वाळूने भरलेल्या. त्यांचा तळ मुद्दाम गोल करत, खाली ठेवता येऊ नये म्हणून. म्हणजे कुणी ती पाणी भरायला घरी नेत नसे. ज्याने ही युक्ती काढली त्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. पण त्यालाही पान खाणाऱ्याचा अंदाज आला नाही. वाळू पुढे पुढे दिसायचीच नाही, वरचा थर सगळा पिचकाऱ्यांचा आणि विडीच्या थोटकांचा. तरी त्या बादलीचं एक बरं होतं. ती बिघडली आहे, हे लांबूनही दिसायचं. आताचा सिलिंडर बाहेरून कायम चकचकीत.

बँकेत तर अजून मजा. सिलिंडर मॅनेजरच्या केबिनमध्ये. केबिनला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे. मॅनेजर संध्याकाळी अकोल्याला. रात्री राखण करणाऱ्याकडे काय आहे? काठी आणि मोबाईलचा टॉर्च. आग रात्रीही लागते. शॉर्टसर्किटला बँकेच्या वेळा लागू नसतात.

सिलिंडर शाबूत असला तरी चालवणार कोण, हा प्रश्न उरतोच. सहा किलोचा सिलिंडर पूर्ण दाबून धरला तर जेमतेम पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात काय ते करायचं. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या शेंड्यावर नाही तर बुडाशी धरायची, मूठ आवळायची आणि डावी-उजवीकडे झाडत न्यायचं. पाठ दाराकडे ठेवायची, म्हणजे नाही जमलं तर पळता येतं. ज्याने आयुष्यात एकदाही हे केलेलं नाही तो ऐन वेळी पहिले दहा सेकंद पिन कुठे आहे ते शोधण्यात घालवतो आणि उरलेले धुरात, उंच ज्वाळेवर उधळतो. यात त्याचा दोष नाही. त्याला मालकाने नोकरीवर घेताना थान कसं फेकून दाखवायचं ते शिकवलं, हे शिकवलं नाही.

शिकवायला पैसेही लागत नाहीत. भरायची मुदत जवळ आली की सिलिंडर तसाही रिकामाच व्हायचा असतो. एजन्सीकडे द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानातल्या सगळ्या पोरांना मागच्या मोकळ्या जागेत न्या. जुन्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठे पेटवा, वाऱ्याकडे पाठ करा आणि ज्याने आजवर सिलिंडरला हात लावलेला नाही, त्याच्याच हातात तो द्या. मागच्या गल्लीतल्या त्या 'जरासा मारून' बघण्याशी याची गल्लत नको. हा परत खिळ्यावर जाणार नाही, पूर्ण रिकामा होऊन भरायलाच जाणार आहे. निघालाच नाही, नुसता फुस्स झाला, तर मागच्या वेळचे पैसे कुणाला आणि कशाचे दिले, तेही तिथल्या तिथे कळेल.

आणि जुलैत तो मोटरसायकलवाला स्टिकरचं बंडल घेऊन येईलच. त्याच्या बिलावर सही करायच्या आधी सिलिंडर खिळ्यावरून उतरवा, उलटा करायला लावा आणि त्याला घेऊन सरळ काट्यापाशी चला. अंगावर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं तर सही करा, त्याला आणखी एक चहा पाजा. नाही जुळलं तर बिल परत करा.